बॉल अँड चेन, वॉर लास आणि मॅम

ताई,
मी मूळची सांगलीची. अडीच वर्षांपूर्वी नर्स म्हणून इंग्लंडला आले, न्यूकॅसलच्या नदीपलीकडे गेट्सहेडला. सहा महिन्यांनी नवरा आणि मुलगा आले. मुलगा आता आठ वर्षांचा आहे. नवरा एका कारखान्यात मशिन्सच्या देखभालीचं काम बघतो. आसपास मराठी कुणी नाही, त्यामुळे इथलं बोलणं तो कारखान्यातल्या पोरांकडूनच शिकला. आधी फोनवर माझा उल्लेख 'द मिसस' असा करायचा. मग 'वॉर लास' सुरू झालं. मला वाटलं, हा लढाईबद्दल बोलतोय. परवा मी नाइट संपवून घरी आले, तर जिन्यात ऐकू आलं, मित्राला हसत हसत सांगत होता, "शनिवारी नाही जमायचं, बॉल अँड चेनला सुट्टी आहे." मी अर्थ शोधला आणि चार दिवस त्याच्याशी बोलले नाही. तो म्हणतो, इथे सगळेच असं म्हणतात, त्यात काय एवढं!
त्यात मुलगा मला 'आई' सोडून 'मॅम' म्हणायला लागलाय. सासूबाईंनी (त्यांना आमच्याकडे सगळे वहिनी म्हणतात, माझा नवरासुद्धा) व्हिडिओ कॉलवर ते ऐकलं आणि म्हणाल्या, पोरगं आईला मॅडम म्हणतंय, हेच शिकवायला नेलं होतं का तिकडे? मी सगळंच उगाच मनाला लावून घेतेय का?
— नाव छापू नका.

*

नाही छापत.

उगाच लावून घेत नाहीयेस. पण तू तिन्ही शब्द एकाच पारड्यात टाकलेस, तिथे माझं तुझं जमत नाही. यातला एक शब्द लागावा असाच आहे. एक तुला कळला असता तर तू चहा करून दिला असतास. आणि तिसऱ्याचा तुझ्या नवऱ्याशी काही संबंधच नाही, तो तुझ्या गावाचा आहे.

चहाच्या लायकीचा शब्द आधी घेते. 'वॉर' म्हणजे 'अवर'. टाइन नदीच्या काठचे लोक 'आमचा'ला तसंच म्हणतात. थोडं दक्षिणेला, यॉर्कशरकडे गेलीस तर तोच शब्द 'अवर लास' असा ऐकू येईल. लास म्हणजे पोर, मुलगी. एकटा माणूस एकट्या बायकोबद्दल बोलताना 'आमची' का म्हणतो, असा प्रश्न इंग्रजीचं व्याकरण शिकलेल्याला पडेल. सांगलीच्या मुलीला पडू नये. 'आमची ही माहेरी गेलीय' असं सांगणाऱ्या माणसाला आपण कधी विचारलंय का, किती जणांची रे? ते अनेकवचन मालकीचं नसतं. घराचं असतं. बोलणारा त्यात आपल्या आईबापांना, भावंडांना, अख्ख्या बिऱ्हाडाला धरून बोलतो. तुझ्याकडे भावाला किंवा बहिणीला 'वॉर किड' म्हणतात, तेही त्याच चालीवर. लग्न झालेलं नसलं तरी मैत्रिणीला 'वॉर लास'च म्हणतात, आणि साठीतला आजोबा आपल्या साठीतल्या बायकोलाही तेच म्हणतो. म्हणजे तुझा नवरा नकळत जे म्हणाला ते आपल्या भाषेत असं होतं: 'आमची पोरगी'. मला तर हे ऐकून बरं वाटलं. बाहेरून आलेल्या माणसाला ते 'वॉर' इतक्या सहज तोंडात येणं म्हणजे त्याचं बूड तिथे टेकलंय.

वॉर्डात म्हातारे पेशंट तुला 'पेट' म्हणत असतील. पहिल्या आठवड्यात तू मांजर-कुत्र्याच्या अर्थाने घेतला असशील तो शब्द. तो आपल्या 'बाळ'सारखा आहे. बसचा ड्रायव्हर प्रवाशाला, दुकानातली बाई गिऱ्हाइकाला, पुरुषालासुद्धा 'पेट' म्हणते. अजून जुनं माणूस भेटलं तर 'हिनी' म्हणेल. तो 'हनी'चाच तिकडचा उच्चार. (तुमच्या भागात तव्यावर भाजायची एक गोडसर पोळी असते, चरबी आणि मनुका घातलेली. तव्यावर पडली की चुर्र आवाज करते म्हणून तिला 'सिंगिंग हिनी' म्हणतात, गाणारी लाडकी. आपण थालीपिठाला असं काही लाडाचं नाव कधीच का दिलं नाही, कोण जाणे.) ग्लासगोला बदली झाली तर हेच लोक तुला 'हेन' म्हणतील. कोंबडी म्हटलं म्हणून रागवू नकोस, तोही लाडच.

'मिसस'ची कथा वेगळी. हा शब्द 'मिस्ट्रेस'मधून आला आणि 'मिस्ट्रेस' म्हणजे 'मास्टर'ची बाईमाणूस, मालकीण. 'मिसेस' हेही त्याचंच लिहायचं आखूड रूप, आणि 'मिस'ही त्याचंच. खुद्द 'मिस्ट्रेस' मात्र पुढे घसरत घसरत ठेवलेल्या बाईपर्यंत गेला, त्यामुळे तो मात्र कुठे वापरू नकोस. आपल्याकडे 'आमच्या मिसेस' म्हणणारे काका-मामा आदरानेच म्हणतात, आदरार्थी बहुवचन लावून. तुझ्या नवऱ्याच्या कानात तेच असणार.

खटकण्यासारखं काही असेल तर ते 'मिसस'मध्ये नाही, त्याच्या आधीच्या 'द'मध्ये आहे. 'माय वाइफ' आणि 'द वाइफ' यात फरक आहे, आणि तिकडच्या पुष्कळ बायकांना तो टोचतो. द कार, द डॉग, द वाइफ. घरातल्या यादीतली एक नोंद झाल्यासारखं. मराठीत हे उपपद नाही, म्हणून आपल्या माणसाला तो काटा दिसतच नाही. त्याने तो जाणूनबुजून टोचला असेल असं मला वाटत नाही. एकदा सांगून बघ, समजेल त्याला.

तसं बायकोला माणसाच्या यादीतून बाहेर काढण्यात आपणही कुणाला हार जात नाही. जुन्या इंग्रजीत 'विफ' म्हणजे नुसती बाई. त्या 'विफ'ला 'मान', म्हणजे माणूस, जोडून 'विफमान' झालं, त्याचं आजचं 'वुमन'. अक्षरश: बाईमाणूस! आणि हा 'विफ' व्याकरणात नपुंसकलिंगी होता, बरं का. हे वाचून मी हसणार होते, तेवढ्यात आजोबा आठवले. "आमचं कुटुंब गावी गेलंय" म्हणायचे. कुटुंब म्हणजे आजी, आणि तीही नपुंसकलिंगी! तिकडे देशावर 'खटलं' म्हणत, बायकोलाही आणि तिच्यासकटच्या पोराबाळांच्या लटांबरालाही. लंडनच्या पूर्व भागातल्या लोकांची यमकाची बोली प्रसिद्ध आहे. जिन्याला, म्हणजे 'स्टेअर्स'ला, 'अ‍ॅपल्स अँड पेअर्स' म्हणायचं, तसं 'वाइफ'ला म्हणायचं 'ट्रबल अँड स्ट्राइफ', कटकट आणि भांडण. हजारो मैलांवरच्या दोन गावांतल्या पुरुषांनी एकमेकांना न विचारता आपापल्या बायकांना खटलं ठरवावं, याला योगायोग म्हणवत नाही मला.

आता येऊ तुझ्या जिन्यातल्या वाक्याकडे.

बॉल अँड चेन म्हणजे कैद्याच्या पायात अडकवायचा लोखंडी गोळा आणि साखळी. आपल्याकडे त्याला शब्द तयार आहे: लोढणं. उनाड गुराच्या गळ्यात ओंडका अडकवतात, म्हणजे ते पळत नाही. 'गळ्यात लोढणं पडलं' हे आपल्याकडच्या पुरुषांनी पिढ्यान् पिढ्या म्हटलंय, ऐकणाऱ्या बाईला तेव्हाही लागलंच असणार. तुला लागलं ते बरोबर. हा शब्द बंद व्हायला हवा, त्यावर चर्चा नको.

पण ते वाक्य परत एकदा वाच. तू लिहिलंयस, "शनिवारी नाही जमायचं, बॉल अँड चेनला सुट्टी आहे." तू त्याला अडवलं होतंस का? तुझ्या पत्रावरून तर तसं दिसत नाही. तुला त्या बेताचा पत्ताच नव्हता, तू नाइट करून जिना चढत होतीस. म्हणजे झालं असं की मित्रांनी बोलावलं, याला आठवलं की शनिवारी तू घरी आहेस, आणि याला तुझ्याबरोबर राहायचं होतं. नर्सच्या नवऱ्याला शनिवार कितीदा मिळतो! पण 'मला बायकोबरोबर राहायचंय' हे कारखान्यातल्या दहा पोरांना कसं सांगायचं? मग तुला तुरुंगाधिकारी केलं आणि स्वत: कैदी झाला. कैद्याला कुणी 'का येत नाहीस' विचारत नाही.

बायकोसाठीच्या या निम्म्याअधिक शब्दांचं कामच हे आहे, गं. पुरुषाची स्वत:ची इच्छा झाकायची. तुला आठवत असेल, आपल्याकडे 'हायकमांडला विचारतो', 'होम मिनिस्टरची परवानगी नाही' म्हणणारे गृहस्थ. चौकशी करून बघ. त्यांना वर्गणी द्यायची नसते, सहलीला जायचं नसतं, दारू नको असते, आणि बायको बिचारी आत कुकर लावत असते, तिला कसलीच खबर नसते. लंडनकडे 'हर इनडोअर्स' असा एक शब्द आहे, 'घरातली ती'. १९७९ मध्ये सुरू झालेल्या 'माइंडर' नावाच्या टीव्ही मालिकेने तो देशभर नेला. त्यातला आर्थर डेली नावाचा लबाड व्यापारी उठता-बसता या 'हर इनडोअर्स'चा धाक सांगत असतो. आणि गंमत म्हणजे ती बाई पडद्यावर कधीही येत नाही. जिला सगळे घाबरतात तिला तोंडच नाही! आयर्लंडमध्ये निदान 'हरसेल्फ' म्हणतात, 'हाउ इज हरसेल्फ?', म्हणजे ती स्वत: कशी आहे? आपल्या 'ही'सारखंच सर्वनाम, पण त्यात माणूस उभा आहे. मला तो शब्द आवडतो.

म्हणून माझं म्हणणं असं की नवऱ्याशी 'तू मला लोढणं म्हणालास' यावर भांडू नकोस. तिथे त्याच्याकडे उत्तर तयार आहे: सगळेच म्हणतात. त्याला हे विचार, "शनिवारी मी तुला थांबवलं होतं, की तुला थांबायचं होतं?" आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहा. चार दिवस गप्प राहिलीस, अजून चार मिनिटं सहज जमेल. तो 'मला थांबायचं होतं' म्हणाला, तर मग त्याला सांग की पुढच्या वेळी पोरांना तेच सांग. 'वॉर लास'ला सुट्टी आहे, मी घरी आहे, एवढं पुरतं. टाइनसाइडच्या पोरांना ते कळतं. त्यांचीही बायका-मुलं आहेत.

आणि 'मला जायचं होतं पण तू चिडली असतीस' असं म्हणाला, तर तो वेगळाच विषय आहे. मग तुमच्यात शनिवारांचं काय ठरलंय ते बसून बोला, शब्द बाजूला ठेवून. पण मला नाही वाटत तसं निघेल.

'सगळेच म्हणतात' याबद्दलही थोडं. म्हणत असतील. पण तिथे जन्मलेल्याला माहीत असतं की कुठला शब्द कुठल्या टेबलावर बोलायचा, कुणापुढे गिळायचा, कुणाच्या बायकोला तो चालतो आणि कुणाची ताट भिरकावेल. बाहेरून आलेला माणूस शब्द आधी शिकतो, त्याची जागा मागाहून. पुण्यात नवीन आलेला उत्तरेकडचा मुलगा हॉस्टेलवर 'च्यायला' शिकतो आणि घरमालकिणीच्या आजींसमोर बोलून मोकळा होतो, तसंच. (त्या शब्दात आई लपलेली आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. आपल्यालाही दिवसातून किती वेळा आठवतं म्हणा.) अगदी याच कारणाने 'बर्ड' हा शब्दही त्याला आत्ताच सांगून ठेव. मैत्रिणीसाठी किंवा तरुण बाईसाठी तो एके काळी फार चालायचा, साठच्या दशकात तर जोरात. अजून ऐकू येतो. पण आज कामावरच्या एखाद्या बाईबद्दल वापरलास तर साहेबाकडून बोलावणं येऊ शकतं. 'अदर हाफ' म्हण, कुठेही खपतं. आपल्या अर्धांगिनीचं ते कामकाजी भावंड आहे. आणि फॉर्म भरताना, शाळेत, दवाखान्यात 'पार्टनर' हा शब्द दिसेल. त्यात लग्न झालंय का नाही हे कुणी विचारत नाही, म्हणून तो ठेवलाय.

एक प्रश्न मात्र मी तुला विचारते. त्या कारखान्यातल्या पोरांना तुझं नाव माहीत आहे का?

आपण नाव न घेणाऱ्यांच्या घरातल्या. आजीने आजोबांचं नाव उखाण्याशिवाय कधी घेतलं नाही. ते यायच्या वेळेला "स्वारी आली का?" असं विचारायची, जणू घोड्यावरून यायचे, यायचे सायकलवरून. आजोबा तिला 'अगं' म्हणायचे, फार तर 'ऐकलंस का'. त्यात अंतर होतं, संकोच होता, थोडा लाडही होता. सगळी चाळ त्या दोघांना नावानिशी ओळखत होती, म्हणून ते चालून गेलं. तुझं तसं नाही. तुझ्या नवऱ्याच्या जगात तू मिसस आहेस, लास आहेस, बॉल अँड चेन आहेस, आणि त्या माणसांनी तुला बघितलेलं नाही. म्हणजे तू त्यांची 'हर इनडोअर्स' झालीस, प्रत्यक्षात रात्रभर वॉर्ड सांभाळणारी बाई असून! एका रविवारी त्यातल्या दोघा-तिघांना बायकांसकट जेवायला बोलाव. सांगलीचं काहीतरी झणझणीत कर, पण पहिल्या खेपेला जरा बेताने. त्यांच्यासमोर तुला नावाने हाक मारायला नवऱ्याला सांग. ज्या बाईच्या हातची भाकरी खाल्ली तिला दुसऱ्या दिवशी लोढणं म्हणणं कठीण जातं, कुणालाही.

(आणि तू मला 'नाव छापू नका' लिहिलंस. समजू शकते. तरी गंमत वाटली.)

आता मुलाचं. यावर खरं तर एका ओळीत उत्तर देता येईल: 'मॅम' म्हणजे आई. मॅडम नव्हे.

गोंधळ उच्चाराने झालाय. आपल्या शाळांत बाईंना जे 'मॅम' म्हणतात ते 'मॅडम'चं आखूड रूप, मुळात फ्रेंच, 'माझ्या बाईसाहेब'. राणी एलिझाबेथला भेटायला जाणाऱ्यांना आधी बजावायचे की हा उच्चार 'जॅम'शी जुळला पाहिजे, 'फार्म'शी नाही. तुझा मुलगा म्हणतो तो 'मॅम' हा नाही. तो तान्ह्या पोराच्या तोंडातल्या पहिल्या 'म'चा शब्द आहे, आपल्या 'माय'च्या, 'माँ'च्या पंगतीतला. इंग्लंडच्या ईशान्येला आईला मॅमच म्हणतात. वेल्समध्येही, तिथल्या स्वत:च्या भाषेत आईला शब्दच 'मॅम' आहे. आयर्लंडमध्ये 'मॅम' आणि 'मॅमी'. दक्षिणेकडे 'मम'. बर्मिंगहॅमच्या आसपास 'मॉम' म्हणतात आणि लिहितातही तसंच, आणि 'अमेरिकन झालात का' असं कुणी विचारलं की तिथले लोक भडकतात, कारण त्यांच्या पणज्याही मॉमच होत्या. जुन्या श्रीमंत निवासी शाळांतली पोरं 'मेटर' म्हणायची, लॅटिनमध्ये आई. त्यांचं सोड.

म्हणजे तुझा मुलगा 'मम' न म्हणता 'मॅम' म्हणतोय याचा अर्थ तो इंग्रजी टीव्हीवरून नव्हे, वर्गातल्या पोरांकडून शिकतोय. शाळेच्या फाटकात सगळी पोरं 'मॅम' ओरडत असताना त्याने एकट्याने 'आई' ओरडावं अशी अपेक्षा धरलीस तर तो काहीच ओरडणार नाही, नुसता येऊन दप्तर हातात देईल. फाटकापर्यंत त्याचं राहू दे. दाराच्या आत 'आई', एवढं लाडाने सांग. ओरडून सांगितलंस तर 'आई' हा शब्द त्याला रागाचा वाटायला लागेल. झोपताना, ताप आल्यावर, गुडघा फुटल्यावर तो काय म्हणतो तेवढं ऐक. अजून चार वर्षांनी तो तुला 'ब्रो' म्हणेल, तेव्हा हे 'मॅम' फार गोड होतं असं वाटेल.

तिकडचा मातृदिन मेमध्ये नसतो. ईस्टरच्या तीन आठवडे आधीच्या रविवारी असतो, म्हणजे बहुतेक मार्चमध्ये. त्याच्या आधी गेट्सहेडच्या कुठल्याही कार्डांच्या दुकानात जा. 'मम'च्या शेजारी 'मॅम' छापलेली कार्डं असतील. त्यातल्या एकाचा फोटो काढून सासूबाईंना पाठव.

आणि सासूबाईंना माझ्यातर्फे एक विचार, हसत, मान राखून. त्यांच्या स्वत:च्या मुलाने जन्मभर त्यांना 'वहिनी' म्हटलं. का, तर घरात धाकटे दीर त्यांना वहिनी म्हणायचे, पोराने जे कानावर पडलं ते उचललं. कुणाची आई अशीच 'काकू' झाली, कुणाची 'अक्का', कुणाची 'बाई'. त्याने काय त्यांचा मुलगा दीर झाला? गेट्सहेडला दीर नाहीत, म्हणून नातवाने वर्गातल्या पोरांचं उचललं.

हे त्यांना पटेल. न पटलं तर नवऱ्याला पुढे कर, तोच त्यांना वहिनी म्हणतो ना.